शैक्षणिक मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स सुरू होण्याआधीची तयारी

पहिला व्हिडिओ उघडण्याआधी एक कोरी वही घ्या आणि पहिल्या पानावर आपल्या मनातली उत्तरं लिहून काढा. माणूस शिकतो म्हणजे नेमकं काय होतं? वर्गात मुलांचं लक्ष का उडतं? बक्षिसाने काय साधतं आणि शिक्षेने काय साधतं? हुशारी जन्मजात असते का? कुठे शोधू नका, कोणाला विचारू नका. खाली तारीख घाला. माझ्या यादीत हे काम सगळ्यात वर आहे. रसायनशास्त्र शिकायला येणाऱ्याची रेणूंबद्दल फारशी मतं नसतात, पण शिकण्याबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं असतं, कारण प्रत्येक जण वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या वर्गात बसून आलेला असतो. ही मतं कागदावर नसली की सिद्धान्त वाचताना 'हे तर ठाऊकच होतं' असं वाटत राहतं आणि जुनं मत आपल्या जागी तसंच राहतं. 'कोणी डोळ्यांनी शिकतं, कोणी कानांनी, ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवावं' असं मी माझ्या पानावर ठामपणे लिहिलं होतं. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं आणि अशा शिकवण्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. तो लेख वाचूनही ते वाक्य खोडायला माझा हात लगेच उचलला नाही. लिहिलेलं होतं म्हणूनच निदान कधीतरी खोडलं गेलं. दर दोन आठवड्यांनी या पानाकडे परत या.

मग अभ्यासक्रमाची पत्रिका. ती उतरवून घ्या, जमल्यास छापून घ्या आणि पेन घेऊन वाचा. गुणांची विभागणी आधी बघा: चाचण्यांना किती, लेखी कामाला किती, सहभागाला किती. तासिका थेट होणार आहेत की ध्वनिचित्रमुद्रित, हेही तिथेच कळतं. सगळ्या मुदती एका कागदावर उतरवून अभ्यासाच्या जागेसमोर चिकटवा. मुदत 'रात्री बारा' अशी असेल तर ती कुठल्या घड्याळाची हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. कॉलेज दुसऱ्या देशातलं असेल तर हा प्रश्न अजिबात किरकोळ नाही.

यंत्रसामग्रीची तयारी एका संध्याकाळी उरकते. कोर्सच्या ऑनलाइन प्रणालीत आठवडाभर आधी शिरून पाहा, एखादी फाइल चढवून बघा, हेडफोन तपासा, नेट गेलं तर दुसरी सोय काय ते ठरवा, आणि लेखी कामाची प्रत दोन ठिकाणी ठेवा. यापेक्षा जास्त वेळ इथे घालवू नका.

वेळेचं मात्र नीट बसून ठरवा. आठवड्याला किती तास लागतील ते पत्रिकेत दिलेलं असतं. नसेल तर पहिला आठवडा घड्याळ लावून अभ्यास करा आणि खरा आकडा मांडा. ते तास एका रविवारी कोंबू नका, तीन-चार दिवसांत वाटा. याचं कारण कोर्समध्येच भेटेल: हेरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला फार झपाट्याने होतं, पुढे त्याचा वेग मंदावतो. आपल्याकडे याला 'पुढचे पाठ, मागचे सपाट' म्हणतात. पाठ सपाट होण्याआधी त्याच्याकडे परत जायचं असेल तर आठवड्यात तीन-चार बैठका हव्यातच. बैठक ठरवताना 'रोज अभ्यास करीन' असा संकल्प लिहू नका. 'मंगळवारी रात्रीचं जेवण आटोपलं की टेबलाशी बसून दुसरं प्रकरण काढीन' असं लिहा. कधी, कुठे आणि काय हे आधी ठरलेलं असलं की ठरवलेलं हातून घडण्याची शक्यता वाढते, असं पीटर गॉलवित्झर यांचं संशोधन सांगतं. ऑनलाइन कोर्समध्ये घंटा नसते, हजेरी घेणारं कोणी समोर नसतं. ती चौकट तुम्हालाच उभारावी लागते.

कोर्सच्या आधी मानसशास्त्राची पुस्तकं वाचायची गरज नाही. थोडं संख्याशास्त्र उजळून घ्या, तेच जास्त कामी येईल. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट, एवढं पक्कं असलं की बहुतेक लेख डोक्यावरून जात नाहीत. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे स्वतःच्या उदाहरणाने समजून घ्या. ज्या घरांत पुस्तकं जास्त, त्या घरांतल्या मुलांना गुण जास्त, असं आढळलं तर गुण पुस्तकांनी वाढवले की पालकांच्या शिक्षणाने, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. विश्वसनीयता (दर वेळी तेच उत्तर मिळणं) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच बरोबर मोजलं जाणं) यांतला फरकही आधीच बघून ठेवा. जो वजनकाटा दर वेळी नेमकं दोन किलो जास्त दाखवतो तो विश्वसनीय आहे, सप्रमाण नाही. मूल्यमापनाचं सगळं प्रकरण याच भेदावर उभं आहे.

पारिभाषिक शब्दांसाठी वहीचा मागचा भाग राखून ठेवा. कोर्स इंग्रजीतून असेल तर मराठी शब्दही शेजारी लिहा: रीइन्फोर्समेंटला, म्हणजे ज्याने वर्तन वाढतं त्याला, प्रबलन; ट्रान्स्फरला, म्हणजे एकीकडे शिकलेलं दुसरीकडे वापरता येण्याला, अध्ययन संक्रमण. शब्द एकेकटे न लिहिता जोडीने लिहा, कारण गोंधळ जोड्यांतच होतो. सगळ्यात जास्त चुका ऋण प्रबलन आणि शिक्षा या जोडीत होतात. 'ऋण' शब्द पाहिला की काहीतरी वाईट असणार असं वाटतं. दोन प्रश्न विचारायची सवय लावा: वर्तन वाढलं की कमी झालं? काही दिलं गेलं की काढून घेतलं? 'वर्गातच उदाहरणं पूर्ण केलीत तर आज गृहपाठ नाही' असं शिक्षकांनी सांगितलं आणि मुलं नेटाने उदाहरणं सोडवू लागली, तर नकोशी गोष्ट काढून घेतल्याने वर्तन वाढलं. हे ऋण प्रबलन. ते शिक्षा नव्हे. अशी पाच उदाहरणं स्वतः रचा. पुस्तकातली उतरवू नका.

नावं आणि सालं घोकायची नाहीत, पण एक आडवी काळरेषा काढून भिंतीवर लावा. एडवर्ड थॉर्नडाइक यांचं या विषयाच्याच नावाचं पुस्तक १९०३ चं. ब्लूम यांचं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६ चं आणि त्याची सुधारित आवृत्ती २००१ ची, जिच्यात 'निर्मिती' सर्वांत वरच्या पायरीवर गेली. मुलांचा विचार कसा विकसित होतो हे मांडणारे पियाजे आणि व्हायगॉट्स्की दोघेही १८९६ मध्ये जन्मले. व्हायगॉट्स्की १९३४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी गेले. पियाजे १९८० पर्यंत जगले. रेषेवर हे शेजारी शेजारी दिसलं की एकाला आपले विचार तपासायला, बदलायला केवढा काळ मिळाला आणि दुसऱ्याला किती थोडा, हे जाणवतं. मला ते दर वेळी चटका लावून जातं. आणखी एक गोष्ट इथेच टिपून ठेवा: शिकणाऱ्याला तात्पुरता आधार देऊन तो हळूहळू काढून घेण्याला जो 'स्कॅफोल्डिंग' शब्द आहे, तो व्हायगॉट्स्कींच्या नावावर सर्रास खपतो. या अर्थाने तो वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून रूढ झाला. व्हायगॉट्स्कींची कल्पना समीप विकास क्षेत्राची, म्हणजे मुलाला एकट्याने न जमणारं पण मदतीने जमणारं जे असतं त्याची. नातं जवळचं आहे, पण गोष्ट एकच नाही.

आकड्यांच्या बाबतीतही असंच करा. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सात घटकांच्या आसपास सांगितली, हे सगळे पाठ करतात. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन ती चारच्या जवळ आणली, हेही त्याच ओळीत लिहा. कुठलाही निष्कर्ष वहीत उतरवला की त्याचं पुढे काय झालं यासाठी दोन ओळी मोकळ्या सोडा.

आता व्हिडिओ बघण्याची रीत. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं नुकसान इथेच झालं. माझ्या पहिल्या ऑनलाइन कोर्समध्ये मी रात्री एका बैठकीत चार-चार व्याख्यानं दीडपट वेगाने ऐकत असे. सगळं समजत होतं, वाक्य ऐकताच मान डोलत होती. पहिल्या चाचणीत 'उदाहरणासह स्पष्ट करा' असा साधा प्रश्न आला आणि मला तीन ओळींपलीकडे लिहिता आलं नाही. ओळखीचं वाटणं आणि आठवून सांगता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये हे फार स्वच्छपणे दाखवलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवला की फसगत होते, कारण व्हिडिओ संपल्या संपल्या आपण नेमके त्याच पाच मिनिटांत असतो. म्हणून कोऱ्या कागदांचा गठ्ठा जवळ ठेवा. दहा मिनिटं ऐका, थांबवा, पडदा झाका आणि आठवेल ते लिहा. मग पुन्हा बघून राहिलेलं दुसऱ्या शाईने भरा. दुसऱ्या दिवशी बैठकीच्या सुरुवातीला तेच पुन्हा, काहीही न उघडता. हे जड जातं, मन पळ काढतं. पहिले पंधरा दिवस तसं होऊ द्या. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या, तेव्हा स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं या दोनच सर्वाधिक उपयोगी ठरल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं.

एक सोबती मिळवा. हे कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच करावं लागतं, नंतर जो तो आपल्या वेगाने पांगतो. रायन आणि डेसी यांच्या मांडणीत माणसाच्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: आपण ठरवतोय ही भावना, आपल्याला जमतंय ही भावना आणि कोणाशी तरी जोडलेपण. पहिल्या दोन एकट्याने सांभाळता येतात. तिसरी एकट्याने मिळत नाही. आठवड्यातून अर्धा तास फोनवर एकमेकांना एकेक संकल्पना समजावून सांगा, पुस्तक मिटून. जिथे अडखळाल तिथे खूण करा, पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात. शिक्षकांनाही पहिल्या पंधरवड्यात एक खरा प्रश्न विचारा, उत्तरासाठी आणि ओळखीसाठीही.

शेवटी, निरीक्षणासाठी एक शिकणारा जीव हवा. पियाजेंनी स्वतःच्या तीन मुलांना वर्षानुवर्षं न्याहाळलं होतं. आपल्याला तेवढं नको, पण घरातलं किंवा ओळखीतलं एखादं मूल, पालकांची परवानगी घेऊन, महिन्यातून दोनदा बघा. वहीत नाव लिहू नका. मी माझ्या पाच वर्षांच्या भाचीसमोर एकसारखे दोन पेले ठेवले, दोन्हींत सारखं पाणी ओतलं, तिच्याकडून सारखं असल्याचं कबूल करून घेतलं आणि एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. 'आता यात जास्त आहे,' ती म्हणाली. का, असं विचारलं तर बोट पाण्याच्या रेषेवर ठेवून म्हणाली, 'हे बघ ना, वर आलंय.' मी पाणी परत ओतून दाखवलं. 'आता सारखं झालं,' ती अगदी समाधानाने म्हणाली. तिच्या विचारात कुठेही फट नव्हती. पियाजेंच्या मांडणीतल्या पूर्वक्रियात्मक अवस्थेवरची (साधारण दोन ते सात वर्षं) पाच पानं वाचून जे कळलं नव्हतं ते तिच्या बोटाने कळलं: मूल चुकत नव्हतं, ते एकाच मितीकडे बघून नीट तर्क करत होतं. सत्राच्या शेवटी प्रसंग-अभ्यास लिहायचा होता तेव्हा मी तेच पेले निवडले. लिहिता आलं, कारण तिची वाक्यं जशीच्या तशी, तारखेसकट वहीत होती. तेव्हा निरीक्षणाची वही वेगळी काढा, पेन तिच्यातच अडकवून ठेवा आणि मूल जे बोललं ते त्याच संध्याकाळी, त्याच्याच शब्दांत उतरवा. आपला अर्थ समोरच्या पानावर.