कॅबिनेटच्या आत यूएसबी हब, कार्ड रीडर जोडताना या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की बेळगावात लग्नसराई सुरू होते आणि पाठोपाठ माझ्या टेबलावर फोटो स्टुडिओंचे कॉम्प्युटर येऊ लागतात. कुणाचा कार्ड रीडर दिसेनासा झालेला असतो. कुणी नवा रीडर घरीच बसवलेला असतो आणि आता मशीन चालूच होत नाही. उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातूनही हेच काम येतं, कारण तिथल्या जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, मशीनचे प्रोग्रॅम अजून सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डावरून ने-आण करतात. छपाईचा मजकूर जुळवणारे डीटीपीवाले कॅबिनेटच्या आत हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करणारं उपकरण, बसवून मागतात. टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूला कन्नडसाठी नुडी, दुसऱ्या बाजूला मराठीसाठी श्रीलिपी, आणि श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबी किल्ली, बाहेर लटकत ठेवला तर कुणाच्या तरी हाताला लागून तुटतो. आत ठेवलेला बरा.

या दुरुस्त्यांमध्ये मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जोडणाऱ्यानं प्लग बसतोय का एवढंच बघितलेलं असतं. बसला म्हणजे जागा बरोबर, असं धरलेलं असतं. मदरबोर्डवर तसं धरून चालत नाही. तिथे सारख्या दिसणाऱ्या, सारख्या मापाच्या जागा शेजारी शेजारी असतात आणि आतला करंट मात्र वेगवेगळा.

नऊ पिना, पण कुठल्या नऊ?

हेडर म्हणजे मदरबोर्डवरची प्लग लावायची पिनांची जागा. यूएसबी २.० चा हेडर म्हणजे पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यातली एक पिन मुद्दाम गाळलेली. म्हणजे एका ओळीत चार, दुसरीत पाच. प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र पोर्ट. ओळीतल्या पहिल्या पिनेवर ५ व्होल्ट, मग डेटाच्या दोन, मग ग्राउंड. वायरींच्या रंगात सांगायचं तर लाल, पांढरी, हिरवी, काळी. पिनांचे आकडे एका ओळीत १, ३, ५ आणि दुसरीत २, ४, ६ असे पडतात, म्हणून चारच्या ओळीत रिकामी राहिलेली जागा नवव्या पिनेची. पाचच्या ओळीतल्या शेवटच्या, दहाव्या पिनेला काही जोडलेलं नसतं.

आता शेजारी बघा. पुढच्या पॅनेलच्या ऑडिओचा हेडरही असाच दिसतो, त्यात आठवी पिन नसते. कॉम (जुन्या सिरियल) पोर्टचा आणि पॉवर बटणाचा हेडरही असाच, त्यात बहुतेक दहावी नसते. प्लगमधलं ते एक भोक बुजवलेलं असेल तर चुकीच्या जागी तो अडतो आणि तुम्ही वाचता. पण स्वस्त रीडरच्या प्लगला सगळी भोकं उघडीच असतात. तो कुठेही जातो.

सगळ्यात घातक आहे जुन्या बोर्डांवरचा फायरवायरचा, म्हणजे व्हिडिओ कॅमेरे वगैरे जोडायच्या जुन्या पद्धतीचा, हेडर. त्यातही नववीच पिन नसते, म्हणजे बुजवलेल्या भोकाचा प्लगसुद्धा तिथे अगदी छान बसतो. आणि यूएसबीत जिथे ग्राउंड असतं, बरोबर त्याच सातव्या-आठव्या पिनांवर तिथे १२ व्होल्ट असतात. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचा कॉम्प्युटर असाच आला होता. सीएफ कार्डाचा रीडर फायरवायरवर लावलेला. मी कॅबिनेट उघडलं तर जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून आत कोंडलेला होता, रीडरमधल्या चिपवर मोहरीएवढा फोड आलेला, आणि आत घातलेलं कार्डही गेलेलं. ज्यानं लावलं तो पोरगा चांगला हुशार होता. "मामा, रंग लाल होता, पण बसला की!" म्हणाला. पुष्कळ बोर्डांवर तो हेडर लाल असतो, पण रंगावर कधीच जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात. हेडरच्या शेजारी बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं नाव वाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून मोठा करून बघितलं तर अक्षरं स्वच्छ दिसतात. नाव पुसलं असेल तर बोर्डाचा मॉडेल नंबर घेऊन त्याचं मॅन्युअल उघडा. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या.

एका ओळीचा प्लग उलटा लावणे

बऱ्याच कार्ड रीडरना एकच पोर्ट लागतो, म्हणून त्यांचा प्लग चार किंवा पाच भोकांचा, एका ओळीचा असतो. तो कुठल्याही ओळीवर बसतो आणि दोन्ही दिशांनी बसतो. चार भोकांचा उलटा बसला तर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांची अदलाबदल होते आणि रीडर बहुधा जातो. पाच भोकांच्या प्लगमधली पाचवी वायर वेष्टणाच्या ग्राउंडची असते. तो पाचच्या ओळीवर उलटा बसला तर तीच वायर ५ व्होल्टवर जाऊन सरळ शॉर्ट होतो.

लाल वायर नेहमी पहिल्या पिनेच्या टोकाला. पहिली पिन बोर्डावर १ आकड्यानं, छोट्या त्रिकोणानं किंवा जाड पांढऱ्या रेघेनं दाखवलेली असते. काहीच दिसत नसेल तर पिन नसलेली मोकळी जागा शोधा. पहिली पिन तिच्या विरुद्ध टोकाला.

आणि हे काम चालू मशीनवर कधीही करू नका. इथे चालू म्हणजे काय ते नीट समजून घ्या. विंडोज बंद केलं, पंखा थांबला, तरी वायर भिंतीत असेल तर बोर्डावर स्टँडबायचे ५ व्होल्ट खेळत असतात आणि कित्येक बोर्डांवर तेच यूएसबीच्या पिनांपर्यंत पोचलेले असतात. मशीन बंद असूनही रीडरचा दिवा जळताना बघितलाय ना? तोच हा करंट. वायर उपसा, मग पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा बारीक दिवा विझू द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, आणि मग प्लग हातात घ्या.

यूएसबी ३ चा जाड प्लग

याच्या १९ पिना असतात, जुन्यापेक्षा दाट. जुन्या हेडरमध्ये दोन पिनांतलं अंतर २.५४ मिलिमीटर, इथे २. प्लग घट्ट असतो, माणूस वैतागून तिरका दाबतो आणि पिन आडवी होते. काढताना तिरकं ओढलं तर प्लगसोबत हेडरचं प्लॅस्टिकचं खोकंच वर येतं. एका हातानं खोकं बोर्डाकडे दाबून धरा, दुसऱ्या हातानं प्लग सरळ वर काढा. वाकलेली पिन चिमट्यानं ओढू नका, तुटते. लेड काढून घेतलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर घालून हळूच उभी करायची. एकदा उभी राहते. दुसऱ्यांदा वाकली तर भरवसा नाही.

बोर्ड जुना आणि रीडर नवा असेल तर १९ पिनांवरून ९ पिनांवर आणणारा अडॅप्टर मिळतो. चालतो, पण वेग २.० चाच. शेकडो रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, मोठ्या फाइलींचे) फोटो उतरवणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी त्यापेक्षा मागच्या निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला वायर लावून बाहेरचा रीडर वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कागदावर २.० चा वेग ४८० मेगाबिट असला तरी हाताला येतात सेकंदाला ३०-४० मेगाबाइट. चांगलं कार्ड त्याच्या दुपटीहून जास्त देऊ शकतं.

एकाचे दोन करणारी वायर

बोर्डावर एकच हेडर, जोडायच्या वस्तू तीन. मग बाजारातून एक हेडर आत, दोन बाहेर अशी वायर येते. ती घेण्याआधी एवढं बघा की मध्ये छोटं सर्किट आहे का. नुसत्याच वायरी फोडून दोन प्लग केले असतील तर डेटाच्या वायरी समांतर जोडल्या जातात, आणि यूएसबीत एका पोर्टावर एकच उपकरण बोलू शकतं. एक लावलं तर चालतं, दुसरं लावलं की दोन्ही गायब. गिऱ्हाईक म्हणतं रीडर खराब. तुम्हाला हब लागतो, म्हणजे आत कंट्रोलर चिप असलेला. प्रत्येक पोर्टाला हिशोबानं बोलतं करायचं काम ती चिप करते.

हबला स्वतंत्र पॉवर द्यायचाही आळस करू नका. नुसत्या हेडरवर चालणाऱ्या हबनं प्रत्येक पोर्टाला १०० मिलिअँपिअरच द्यावेत असा २.० चा नियम आहे, कारण त्याला स्वतःलाच वरून ५०० मिळतात. डोंगलला तेवढे पुरतात. पोर्टेबल हार्ड डिस्क त्यावर टकटक करत बसते आणि मध्येच सुटते, आणि त्या सुटण्यात फाइली खराब होतात. हबवर साटा पॉवरची (हार्ड डिस्कच्या चपट्या पॉवर प्लगची) किंवा चार पिनांची मोठी (मोलेक्स) जागा दिली असेल तर ती रिकामी ठेवू नका. फक्त मोलेक्सवरून साटा करणारा, प्लॅस्टिक ओतून बंद केलेला अडॅप्टर घेऊ नका. त्यात आतल्या वायरी सरकून शॉर्ट होतात आणि तो पेटल्याची उदाहरणं आहेत. वायरी वेगवेगळ्या खोचलेल्या दिसतात तो घ्या.

"फॉरमॅट करू का?"

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त माणसांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

रात्री साडेनऊला खानापूरच्या बाजूच्या एका फोटोग्राफरचा फोन आला. "अण्णा, कार्ड घातलं की फॉरमॅट करा म्हणतंय. दाबू काय?" आत दुपारच्या लग्नाचे सगळे फोटो. मी ओरडलोच, "हात लावू नको, कार्ड काढ." कार्ड ६४ जीबीचं होतं आणि रीडर जुन्या मशीनमधून काढून नव्यात बसवलेला.

इथेही तीच गोष्ट. एसडी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी, तिघांचा आकार एकच. जुन्या रीडरमध्ये नवं कार्ड सहज जातं. पण साधं एसडी २ जीबीपर्यंतचं, २००६ मध्ये आलेलं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंतचं आणि २००९ मधलं एसडीएक्ससी त्याच्या वरचं, तेही एक्सफॅट पद्धतीनं लिहिलेलं. रीडरला किंवा विंडोजला ती भाषा येत नसेल तर कार्ड कोरं वाटतं आणि ते फॉरमॅट विचारतं. विंडोज एक्सपीवर एक्सफॅटसाठी वेगळं अपडेट टाकावं लागायचं, आणि तशी मशीन अजून काही ठिकाणी चालू आहेत.

त्याला मी कार्ड परत कॅमेऱ्यात घालायला सांगितलं आणि कॅमेऱ्याचीच वायर मागच्या पोर्टला लावायला सांगितली. फोटो दिसले. फोनवर तो थोडा वेळ बोललाच नाही, फक्त श्वास ऐकू येत होता.

चुकून फॉरमॅट दाबलंच असेल तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवरच असतात आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बहुतेक परत मिळतात. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर मग कुणाच्या हातात काही राहत नाही. रीडरमध्ये घालण्याआधी कार्डाच्या कडेची लॉकची खिट्टी खाली सरकवायची सवय लावा.

दिसत नसेल तर कुठून शोधायचं

आधी तीच वस्तू शक्य असेल तर मागच्या पोर्टला लावून बघा, मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात. तिथे चाललं तर दोष हेडर किंवा वायरीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनोळखी यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर मागणी अयशस्वी असं काही दिसलं तर पॉवर पोचतेय पण डेटा नाही. पांढरी-हिरवी वायर अदलाबदल झाली असेल किंवा पिन गंजली असेल. खानापूरच्या पावसाळ्यात चार महिने बंद खोलीत ठेवलेल्या मशीनवर हिरवट पिना मी नेहमी बघतो. काहीच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, तो पोर्ट बंद केलाय का बघा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर अंगचा नसतो, तो वेगळा टाकावा लागतो.

चालू करताच ओव्हर करंटचा इशारा येऊन १५ सेकंदांत मशीन बंद होत असेल तर बोर्ड गेला म्हणून घाबरू नका. आतले सगळे यूएसबी प्लग काढा. चालू झालं तर एकेक परत लावत चला. दहातल्या आठ वेळा पुढच्या पोर्टातली एखादी पत्ती वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलेली सापडते.

रीडरच्या चार रिकाम्या खाचांनी चार ड्राइव्हची अक्षरं घेतली आणि ऑफिसच्या नेटवर्कचा ड्राइव्ह गायब झाला, तर डिस्क मॅनेजमेंटमधून रीडरची अक्षरं शेवटाकडे सरकवा.

आणि सगळं बरोबर असूनही रीडर सुटत राहिला तर घराकडे बघा. गावाकडे एका घरात मी तीन वेळा वायर बदलली. चौथ्यांदा कॅबिनेटला हात टेकला तेव्हा बोटाला मुंग्या आल्या. अर्थिंग असून नसल्यासारखंच होतं. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ मिळाला नाही तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा, पण कार्ड घालायला माणसानं हात लावला की रीडर गडबडतो. त्या भागात जांभ्याची जमीन, पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. वायरमननं फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला, तार नुसती लालसर झाली. नवा खड्डा मारून मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं, आणि तोच बल्ब पांढरा लख्ख पेटला. घरातल्या आजी तेव्हापासून तुळशीला पाणी घालताना एक तांब्या त्या खड्ड्यातही ओततात.