आठ हजार दिरहम, पण बेसिक किती?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सहा वर्षं क्वालिटी बघत होतो, तेव्हा दुबईहून ऑफर आली. महिना 8,000 दिरहम. मी लगेच रुपयांत गुणाकार केला आणि सही करायला बसलो. आखातात वीस वर्षं काढून आलेले मामा त्या दिवशी घरी होते. कागद वाचून म्हणाले, "आठ हजाराचं ऱ्हाऊ दे. बेसिक किती हाय?"

बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, होतं 3,200. बाकी घरभाडं, प्रवास आणि 'इतर भत्ता'.

"गुजरीत साज घेताना सोनं किती, मजुरी किती, हे वेगळं इचारतोस न्हवं? मग हितं का न्हाई?"

तिथे आपल्यासारखा पीएफ नसतो. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती बेसिकवरच मोजतात. पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढे 30 दिवसांचं. 3,200 वर पाच वर्षांचे 11,200 दिरहम होत होते. बेसिक 4,800 धरलं तर 16,800. महिन्याचा पगार तोच. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच मिळतात.

मग मी मेल केला: एकूण रक्कम 8,000 च ठेवा, फक्त बेसिक 4,800 करा. दोन दिवसांत होकार आला. कंपनीचा महिन्याचा खर्च यात वाढत नाही, त्यामुळे नवख्या माणसाने पगारवाढीच्या आधी हेच मागावं, असं माझं ठाम मत आहे.

तिकिटाच्या बाबतीत मात्र मी चुकलो. दरवर्षी गावी यायचं तिकीट देणं तिथल्या कायद्याने बंधनकारक नाही, करारात असेल तरच मिळतं. मला फोनवर "देऊ" म्हणाले होते, मी लिहून घेतलं नाही. पहिल्या सुट्टीला माझं, बायकोचं आणि मुलीचं, तिघांचंही तिकीट मी खिशातून काढलं. दुबईत कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा कंपनीला काढावा लागतो, बायकोमुलांचा मात्र त्यांचा व्हिसा काढणाऱ्याला, म्हणजे आपल्यालाच. तोही आधी मागायला हवा होता.

घरभाड्याचंही तसंच. तिथे बरेच घरमालक वर्षाचं भाडं मोजक्या चेकमध्ये आगाऊ घेतात. भत्ता महिन्याला आणि भाडं तिमाहीला, अशी ओढाताण पहिल्या वर्षी आम्ही सोसली. भत्ता आगाऊ मिळेल का, हे सही करण्याआधी विचारा. मुलं शाळेत जात असतील तर फीचंही विचारा, कारण ती पगाराचा मोठा घास घेते.

आता शिरोली, गोकुळ शिरगावची पोरं मला ऑफरचं पत्र पाठवतात. मी आधी बेसिकची ओळ बघतो, मग एजंट नोंदणीकृत आहे का हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघायला सांगतो. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. व्हिसाचा खर्च तिथल्या कायद्याने कंपनीचा. त्यापोटी कुणी लाखभर रुपये मागत असेल, तर तिथूनच परत फिरायला सांगतो.