रिझर्व्ह बँकेचे आकडे वाचताना या चुका टाळा

रविवारी पोहे झाले की इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी बँकेच्या परीक्षा देणारी पाच-सहा मुलं अभ्यासाला जमतात. मागच्या खेपेला शेजारच्या काकू सियागंजमधून महिन्याचा किराणा घेऊन थेट आत आल्या आणि बिल माझ्यापुढे धरलं. "काय रे, पेपरात महागाई उतरली म्हणतात, मग हे बिल का नाही उतरलं?"

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. उतरतो तो महागाईचा दर, भाव नव्हे. 100 रुपयांचा किराणा एका वर्षात 6 टक्क्यांनी वाढला की 106 होतो. पुढच्या वर्षी दर 2 टक्क्यांवर आला, तरी बिल 108 च्या वरच जातं. एखादी डाळ स्वस्त होईलही, पण एकूण भाव खाली यायचे तर दर शून्याखाली जावा लागतो. मी हे बिलाच्या पाठीवरच मांडून दाखवलं, तेव्हा काकूंना पटलं. आणि हा आकडा रिझर्व्ह बँक काढत नाही, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय काढतं. बँकेचं काम तो 4 टक्क्यांच्या आसपास, 2 ते 6 च्या आत ठेवण्याचं.

काकूंचं वाटणंही वाया जात नाही. रिझर्व्ह बँक घरोघरी विचारते: आत्ता महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी किती असेल, वर्षाने किती? ही पाहणी मोठ्या शहरांत होते. आपल्या बाजूची भोपाळ आणि नागपूर त्यात आहेत. लोकांची उत्तरं सरकारी आकड्यापेक्षा बहुतेक वेळा चढीच असतात. तो बँकेचा अंदाज समजू नका, ती कुटुंबांची भावना आहे.

आता मुलांची चूक. एकाने वहीत लिहिलं होतं, 'रिझर्व्ह बँकेच्या मते अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर इतका राहील.' आकडा घेतला होता बँकेच्या मासिक बुलेटिनमधल्या एका लेखातून. सी. डी. देशमुख गव्हर्नर असताना 1945 मध्ये संशोधन आणि सांख्यिकी विभाग उभा राहिला आणि जानेवारी 1947 पासून हे बुलेटिन निघू लागलं. आपल्या माणसाच्या काळात सुरू झालेलं हे काम मुलांनी नीट वाचावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यातले लेख बँकेचे अर्थतज्ज्ञ आपल्या नावाने लिहितात आणि मतं लेखकांची, बँकेची नव्हेत, असं तळटिपेत स्पष्ट छापलेलं असतं. बँकेचा अधिकृत अंदाज पतधोरणाच्या निवेदनात सापडतो. बातमीत 'रिझर्व्ह बँक म्हणते' दिसलं की आधी मूळ कागद काढा आणि तळटीप वाचा.

महागाई निर्देशांकाच्या आलेखात मधेच मोठा खड्डा दिसला तर बाजार कोसळला म्हणून घाबरू नका. बहुधा 2010 आणि 2012 अशा दोन आधारवर्षांचे (ज्या वर्षाचे भाव 100 धरतात ते आधारवर्ष) निर्देशांक एकाखाली एक चिकटवलेले असतात. एकच मालिका घ्या. आकडे नंतर सुधारलेही जातात, म्हणून उतरवून घेतल्याची तारीख शेजारी लिहा.

शेवटची तक्रार हप्त्याची: "रेपो कमी झाला, माझा हप्ता तेवढाच कसा?" रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना घरकर्जासारखी नवी बदलत्या व्याजाची कर्जं बाहेरच्या मानक दराशी जोडावी लागली, बऱ्याच बँकांनी रेपो निवडला. त्याआधीचं कर्ज अजून जुन्या पद्धतीवर असू शकतं. नव्या कर्जातही व्याज ठरल्या तारखेलाच बदलतं, निदान तीन महिन्यांतून एकदा. कित्येकदा हप्ता तोच राहतो आणि मुदत घटते. खातेउताऱ्यात उरलेल्या हप्त्यांची संख्या बघा, आणि कर्ज कोणत्या दराशी जोडलंय ते बँकेकडून लेखी मागून घ्या.