मंगळावर पाणी शोधायला गेलो आणि...

एमएस्सीला कलिनात होतो तेव्हा प्रोजेक्टला मंगळाच्या हवेचे स्पेक्ट्रम (प्रकाश तरंगलांबीनुसार फोडून काढलेले आलेख) घेतले, हवाईमधल्या एका टेलिस्कोपचा जुना डेटा, फुकट मिळतो तसला. मंगळ पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता तेव्हाचा मुद्दाम निवडला. तिसऱ्याच दिवशी पाण्याच्या वाफेच्या ठसठशीत लाइन्स (वाफ ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषते, तिथे आलेखात पडणारे खड्डे)! प्रिंट घेऊन सरांच्या केबिनमध्ये धावलो. बाहेर जुलैचा पाऊस, भिंतीला ओल. सर एवढंच म्हणाले, "अरे, हे आपल्याच पृथ्वीचं पाणी आहे."

तर नवीन येणाऱ्यांनो, जमिनीवरून बघत असाल तर अर्धं काम आपल्याच हवेचं असतं. मंगळावरचा दाब जेमतेम ६ मिलिबार, आपला १०१३, आणि तिकडचा प्रकाश आपल्याच हवेतून गाळून येतो. यातून सोडवतो तो डॉप्लर, म्हणजे वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना तिच्या लाइन्स जागेवरून सरकणं. मंगळ सेकंदाला १५ किमीने लांब जात असेल तर ३.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास त्याची लाइन साधारण ०.१३ सेंटीमीटर इन्व्हर्सने (एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात ते मोजायचं एकक) सरकते, म्हणजे आपल्या रुंद लाइनच्या कडेला एक बारीक खड्डा. बारीक का, तर विरळ हवेत रेणूंची धक्काबुक्की कमी, आपल्याकडे म्हणजे सकाळी साडेआठचं दादर. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून मंगळावरची वाफ याच युक्तीने सापडली.

आता माझा गाढवपणा बघा. मंगळ सगळ्यात जवळ असतो तेव्हा तो ना जवळ येत असतो ना लांब जात, वेग जवळपास शून्य, म्हणजे दोन्ही लाइन्स एकावर एक!

हायट्रानवर (रेणूंच्या लाइन्सची माहिती देणारा ऑनलाइन डेटाबेस) अकाउंट आधीच काढून ठेवा, फुकट आहे. पण त्यातली लाइनची रुंदी सहसा आपल्या हवेसाठीची घेतात आणि मंगळावर ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, त्यात पाण्याची लाइन जास्त रुंदावते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आठवडा गेला. पायथन येत नसेल तर आजच सुरू करा, बाकी होतं हळूहळू.

मग मी त्यानंतर चार महिन्यांनी, मंगळ लांब जात असतानाच्या रात्रीचा डेटा उतरवला आणि साधं पाणी सोडून एचडीओ शोधलं (एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, मंगळावर आपल्यापेक्षा पाचेक पट जास्त). पृथ्वीच्या लाइनच्या डाव्या कडेला इवलासा खड्डा होता. या वेळी प्रिंट नाही काढली, आधी त्या रात्रीचा वेग तपासला.