कॅम्पिंग ट्रेलरचा वॉटर हीटर हिवाळ्याआधी रिकामा करताना

पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं. भरलेल्या टाकीत त्याला फुगायला जागा नसते, मग टाकी नाहीतर जोड फुटतो आणि ते कळतं थेट थंडी सरल्यावर. रिकामा करायचं काम फार तर तासाभराचं आहे, फक्त क्रम चुकवू नका.

आदल्या दिवशीच हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करा. विजेचा स्विच काही हीटरला बाहेरच्या झाकणाआडही असतो, तोही बघा. कोरड्या टाकीत एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कांडी) चालू राहिलं तर बघता बघता जळतं. रात्रभरात पाणी निवेल. घाईने गरम पाण्यावर टाकीचा प्लग (पाणी सोडायचं बूच) काढला तर हात भाजलाच म्हणून समजा.

आता पंप बंद, बाहेरून पाण्याची जोडणी असेल तर तीही काढा, आणि आतला गरम पाण्याचा नळ उघडा. धार थांबली म्हणजे दाब उतरला. बायपासला, म्हणजे पाणी टाकीला वळसा घालून नेणाऱ्या व्हॉल्व्हना, मात्र अजून हात लावू नका. बरेच जण इथेच चुकतात: बायपास आधी फिरवला की टाकी नळांपासून तुटते, नळ कोरडा दिसतो आणि टाकीत दाब तसाच राहतो. मग प्लग सैल होताच बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. खात्रीसाठी प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) दांडी अलगद उचला आणि उघडीच ठेवा. वरून हवा शिरली की पाणीही भराभर उतरतं.

प्लग काढताना तोंडासमोर नाही, बाजूला उभं राहायचं. सबर्बन कंपनीच्या हीटरला खाली प्लगच्या जागी अ‍ॅनोड रॉड (गंज स्वतःवर घेणारी धातूची कांडी) असतो, त्याला 1 1/16 इंची सॉकेट लागतं. अ‍ॅटवूड कंपनीच्या हीटरची टाकी अ‍ॅल्युमिनियमची. तिला अ‍ॅनोड नाही, नायलॉनचा प्लग असतो. तिथे धातूचा प्लग बसवू नका, आटे खराब होतात.

6 गॅलनची टाकी म्हणजे सुमारे 23 लिटर पाणी. सगळं मात्र बाहेर येत नाही, कारण भोक तळापेक्षा जरा वर असतं. उरलेलं थोडं पाणी गोठलं तरी त्याला फुगायला जागा आहे, त्याची काळजी नको. खरी घाण तिथेच साचते: क्षारांचे पांढरे पापुद्रे, झिजलेल्या रॉडचा लगदा. टाकी धुवायची बारीक नळी आत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत मारा.

रॉड हातात घेऊन बघा. नवा असताना तो अंगठ्याएवढा जाड असतो. टाकीच्या पोलादाऐवजी गंज स्वतः खातो, म्हणून झिजणं हेच त्याचं काम. तीन चतुर्थांश झिजून आतली तार दिसायला लागली की बदला. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि आधी हाताने फिरवा. आटे तिरके बसले तर टाकीच बाद.

आता बायपास: टाकीचे थंड आणि गरम दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मधला उघडा. नाहीतर पाइपांसाठी भरलेलं गुलाबी अँटीफ्रीझ (पाइप गोठू न देणारं द्रव) आधी 6 गॅलनची टाकी भरत बसतं. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचंच हवं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथे चालत नाही, सहसा विषारी असतं.

शेवटी स्विचवर चिठ्ठी चिकटवा: ‘टाकी रिकामी, बायपास चालू’.