करी की हार्डन? दोन स्कोअररच्या खेळाची तुलना कशी करावी

सरासरी गुणांवर तुलना उरकायची असेल, तर एका ओळीचं काम आहे. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये २०१८-१९ च्या हंगामात ह्यूस्टन रॉकेट्सच्या जेम्स हार्डनने सामन्यामागे ३६.१ गुण केले, तर २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफन करीने ३०.१. पण यातून कोणी जास्त गुण केले एवढंच कळतं, ते कसे केले हे कळत नाही. शैली तपासायची तर एक वही, थोडा हिशेब आणि प्रत्येकाचे तीन पूर्ण सामने लागतात.

आधी हंगाम ठरवा. संपूर्ण कारकीर्द घेतली की उमेदवारीची आणि दुखापतीची वर्षंही त्यात मिसळतात. म्हणून दोघांचा एकूण गुणांच्या हिशेबात सर्वोच्च हंगाम घ्यावा. इथे वरचे दोन हंगाम धरले आहेत.

मग सरासरी बाजूला ठेवून एकूण आकडे लिहून काढा. करी, ७९ सामने: १५९८ शॉट, त्यातले ८०५ आत, ८८६ थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट), ४०२ आत, ४०० फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा फेक, तो शॉटच्या संख्येत धरत नाहीत), ३६३ आत, एकूण २३७५ गुण. हार्डन, ७८ सामने: १९०९ शॉट, ८४३ आत, १०२८ थ्री-पॉइंटर, ३७८ आत, ८५८ फ्री थ्रो, ७५४ आत, एकूण २८१८ गुण.

आता गुण कुठून आले ते पाहा. करीचे ५१ टक्के गुण थ्री-पॉइंटरमधून, ३४ टक्के दोन गुणांच्या शॉटमधून आणि १५ टक्के फ्री थ्रोवर आले. हार्डनची वाटणी ४०, ३३ आणि २७ टक्के अशी आहे. दोन गुणांच्या शॉटचा वाटा जवळपास सारखाच. एकूण शॉटमध्ये थ्री-पॉइंटरचं प्रमाणही करीचं ५५ आणि हार्डनचं ५४ टक्के. म्हणजे नुसता शॉटचा नकाशा पाहणाऱ्याला दोघं जुळे भाऊ वाटतील. आकड्यांत फरक उठून दिसतो तो फ्री थ्रोत: शंभर शॉटमागे करीला २५ मिळाले, हार्डनला ४५.

अचूकतेसाठी साधी शॉटची टक्केवारी वापरू नका. शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो शॉट मोजलाच जात नाही. हार्डनचं निम्मं कसब त्या न मोजलेल्या शॉटमध्ये असतं. त्याऐवजी ट्रू शूटिंग, म्हणजे फ्री थ्रोही धरून काढलेली अचूकता, काढा: फ्री थ्रोच्या संख्येला ०.४४ ने गुणा, त्यात शॉटची संख्या मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिने भागा. करीचं उत्तर ६६.९ टक्के येतं, हार्डनचं ६१.६. ही ०.४४ अंदाजी आहे. थ्री-पॉइंटर मारताना फाउल झाला की तीन फ्री थ्रो मिळतात, आणि सूत्र ते एका संधीऐवजी १.३२ संधी (३ गुणिले ०.४४) धरतं. असे फाउल हार्डन मुद्दाम ओढून घ्यायचा, त्यामुळे त्याच्यावर किंचित अन्याय होतो.

दोन दुरुस्त्या इथेच करून टाका. २०१५-१६ मध्ये एनबीएची सरासरी ट्रू शूटिंग ५४.१ टक्के होती, २०१८-१९ मध्ये ५६. त्यामुळे करीची आघाडी दिसते त्याहून मोठी आहे. उलट, याच सूत्रातल्या संधी (शॉट अधिक ०.४४ पट फ्री थ्रो) मोजल्या तर सामन्यामागे करीच्या साधारण २२.५ आणि हार्डनच्या २९.३ भरतात. ओझं वाढलं की अवघड शॉटही पदरी येतात. अचूकता आणि ओझं शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही मिसळून एकच गुणांक काढायच्या फंदात पडू नका.

खरं काम यानंतरचं, सामने पाहण्याचं. निवडक शॉटच्या चित्रफितींचा इथे उपयोग नाही, कारण त्यात शॉटच्या आधीचे दहा सेकंद कापलेले असतात. पूर्ण सामना लावा आणि प्रत्येक आक्रमणाला चार गोष्टी टिपा: शॉटआधी चेंडू कोणाकडे होता, किती ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) झाले, स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अंगाने अडवणं) कोणी लावला, बचावपटू काय करून चुकला. प्रत्येकाची किमान चाळीस आक्रमणं हवीत.

हार्डनच्या रकान्यात एकच साचा दिसू लागेल. चेंडू त्याच्याच हाती, बाकीचे चौघे पांगलेले, लांबलचक ड्रिबल, आणि मग डावीकडे स्टेप-बॅक (मागे सरकून मारलेला शॉट) किंवा आत घुसून सहकारी क्लिंट कपेलाला उंच पास. तो डावखुरा आहे, त्यामुळे काही संघांनी बचावपटूला त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं करून स्टेप-बॅकची वाट अडवली आणि त्याला उजवीकडून आत ढकललं. स्टेप-बॅकला लगेच ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून जादा पावलं टाकण्याचा नियमभंग) म्हणू नका. चेंडू गोळा करतानाचं पाऊल नियमाने धरलं जात नाही, दोन पावलं त्यानंतरची मोजायची.

करीच्या रकान्यात साचा सापडायला वेळ लागतो. तो चेंडू देऊन टाकतो, एका स्क्रीनमागून पळतो, थांबल्यासारखं करतो, पुन्हा पळतो. आणि इथेच बहुतेकांची नोंद फसते: ज्या आक्रमणात करीने शॉट घेतलाच नाही ते आक्रमण लोक सोडून देतात. स्क्रीनवर दोघं त्याच्या अंगावर आले, त्याने सहकारी ड्रेमंड ग्रीनला पास दिला आणि पुढे तीन बचावपटूंविरुद्ध करीचे चार सहकारी उरले, तर बास्केट दुसऱ्याच्या नावावर पडते, पण ती उघडलेली असते करीने. अशा आक्रमणांसाठी वेगळी खूण ठेवा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, म्हणून एकदा चेंडू पाहून झाला की तेच आक्रमण मागे नेऊन फक्त करीकडे पाहा.

असिस्टवर (बास्केटकडे नेणाऱ्या सहकाऱ्याच्या पासवर) मिळालेल्या बास्केट मोजताना एक खड्डा टाळा. हुकलेल्या शॉटला असिस्ट नसतो, त्यामुळे अधिकृत आकडा फक्त आत गेलेल्या शॉटचा असतो. तुमच्या वहीत दोन्ही हवेत.

तीन सामने निवडताना प्रतिस्पर्ध्यांचा बचाव वेगवेगळा असू द्या: एक संघ स्क्रीनवर खेळाडू बदलणारा (म्हणजे ज्याचे बचावपटू आपापले प्रतिस्पर्धी आपसांत बदलून घेतात), एक दोघांना अंगावर धाडणारा, एक उंच खेळाडूला बास्केटजवळ मागे ठेवणारा. बचाव मागे राहिला की दोघंही थ्री-पॉइंटर मारतात आणि फरक पुसट होतो. खेळाडू बदलले की हार्डन समोर आलेल्या संथ, उंच बचावपटूला एकटं गाठून ड्रिबल सुरू करतो, तर करी बऱ्याचदा चेंडू सोडून त्याच उंच खेळाडूला स्क्रीनमागून पळायला लावतो.