टूमस्टोनला व्हीलचेअर घेऊन तंबूत राहायचं असेल तर

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात डॉसन सिटीपासून सुमारे ४० किलोमीटरवर डेम्प्स्टर हायवे सुरू होतो. त्याच्या ७१.५ किलोमीटरवर टूमस्टोन या डोंगराळ उद्यानाचं सरकारी कॅम्पग्राउंड आहे. हा ट्रॉन्डेक ह्वेचिन या आदिवासी लोकांचा पिढीजात मुलूख. व्हीलचेअरवाल्यांसाठी ही जागा निवडण्याचं कारण साधं आहे: गाडी तंबूच्या जागेपर्यंत जाते आणि डोंगररांगेचा सगळ्यात मोठा देखावा ७४व्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेलाच दिसतो. त्यासाठी डोंगर चढायला लागत नाही.

जागा ठरवताना ‘ॲक्सेसिबल’ या शब्दावर विसंबू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ लांब फळीचं टेबल आणि आधाराच्या दांड्या बसवलेला संडास, एवढाच असतो. मधली दहा-पंधरा मीटर खडी कोणी मोजलेली नसते. फोन करून चारच गोष्टी विचारा: जमीन दाबलेल्या मुरुमाची की सुट्या खडीची, उतार कुठल्या बाजूला, संडास किती लांब, आणि त्याच्या दाराला उंबरा आहे का. उंबरा असेल तर रॅम्पचा हिशेब १ला १२. म्हणजे १५ सेंमी उंचीला १८० सेंमी लांब रॅम्प. त्याहून आखूड फळी टाकली तर खुर्ची मागे कलंडू शकते.

चाकं

खडीत अडकतात ती मागची मोठी चाकं नव्हे, पुढची बारकी. हे पाच इंची चाक (कॅस्टर) रुतलं की खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. फूटरेस्टला जोडायचं मोठं पुढचं चाक मिळतं (फ्रीव्हील हे त्यातलं ओळखीचं नाव). ते लावलं की कॅस्टर जमिनीवरून उचलले जातात. मात्र दोन सुटे फूटरेस्ट असलेल्या फोल्डिंग खुर्चीला त्याची जोडणी वेगळी लागते, ती घरीच बसवून बघा. ते नसेल तर मऊ पट्टा उलटं, मागे जात पार करायचा.

मागे जाड टायर घालायचा विचार असेल तर आधी रिमचा आकडा वाचा. व्हीलचेअरचं नेहमीचं २४ इंची, १ ३/८ रुंदीचं टायर ५४० मापाच्या रिमवर बसतं. माउंटन बाइकचं २४ इंची टायर ५०७च्या रिमवर. दोन्हींवर ‘२४’ लिहिलेलं असलं तरी एकाचं दुसऱ्यावर चढत नाही, त्यामुळे चाकांची वेगळी जोडीच घ्यावी लागते. जाड टायर लावल्यावर ते फ्रेमला घासत नाही ना, हे बघा. खडीसाठी हवा ३५-४० पीएसआय पुरते. आणि इथे हमखास विसरलं जातं ते म्हणजे ब्रेक. व्हीलचेअरचा ब्रेक टायरवर दाबला जातो. हवा कमी केली की पकड जाते आणि खाटेवर सरकताना खुर्ची खालून निसटते. हवा बदलली की ब्रेक पुन्हा आवळायचा.

भारतातून खुर्ची नेणाऱ्यांनी व्हॉल्व्हही बघावा. आपल्याकडच्या पुष्कळ ट्यूबना सायकलचा जुना डनलॉप व्हॉल्व्ह असतो, तिकडच्या पंपांचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचं. दोन ट्यूब, अडॅप्टर, हातपंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की जवळ असू द्या.

तंबू आणि खाट

तीन बाय तीन मीटरचा, उभ्या भिंतींचा तंबू, दार किमान ९० सेंमी. आत खुर्ची फिरवायला १५० सेंमीचं मोकळं वर्तुळ लागतं. ते जमत नसेल तर उलटं बाहेर यायची तयारी ठेवा. तळाच्या कापडाची कड ८-१० सेंमी उभी असते. दाराशी ती आडवी पाडून वर प्लायवूडचा तुकडा टाका आणि आत फोमच्या चटया अंथरा, नाहीतर चाकाखालचा खडा कापड फाडतो. दाबलेल्या खडीत प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात. २५-३० सेंमीचे लोखंडी खिळे न्या.

खाट हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कुशनसकट खुर्चीची बैठक साधारण ५० सेंमीवर, तर बाजारातली कॅम्पिंगची खाट ३५-४५ सेंमीवर. रात्री खाली उतरणं सोपं जातं, सकाळी थंडीत आखडलेल्या खांद्यांनी पाच ते पंधरा सेंमी वर चढणं जमत नाही. पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे देऊन दोन्ही उंच्या एक करा आणि ठोकळे पट्ट्याने खाटेला बांधा. बसायचं दोन पायांच्या मध्ये. टोकाला बसलात तर हलकी खाट उलटते. खाटेखालून गार हवा जाते, म्हणून झोपायची जाड मॅट खाटेच्या वर हवीच.

थंडी आणि त्वचा

ऑगस्टच्या अखेरीस टुंड्रा लाल होतो, डास ओसरतात आणि रात्री पाणी गोठतं. जून-जुलैत थंडी कमी, पण डासांचे थवे आणि रात्रभर उजेड. हात वर नेता येत नसेल तर डोक्यावरची जाळी घ्या. डास पळवणारं डीटचं मलम प्लॅस्टिक खातं, तेव्हा इलेक्ट्रिक खुर्चीच्या जॉयस्टिकला तो हात लावू नये.

संवेदना नसलेल्या पायांना थंडीही कळत नाही आणि चटकाही. शेकोटीजवळ आधी फूटरेस्टचं लोखंड तापतं आणि बुटाच्या तळातून पाय भाजतो. जळाल्याचा वास येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. दर थोड्या वेळाने फूटरेस्टला हात लावून बघा. हवेचं कुशन गारठ्यात बसतं, कारण आतली हवा आकसते. रोज सकाळी खाली हात घालून तपासा: बसायचं हाड आणि कुशनचा तळ यांत दीड ते अडीच सेंमी अंतर हवं. जेलचं कुशन थंडीत कडक होतं, ते घरीच ठेवा. मणक्याची इजा टी-६च्या (छातीमागच्या सहाव्या मणक्याच्या) वर असेल तर शरीर तापमान नीट सांभाळत नाही, त्यामुळे हुडहुडी भरायची वाट न बघता कपडे चढवा. कॅथेटरची (लघवी काढायच्या नळीची) पाकिटं रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. गोठलेलं वंगण निरुपयोगी. दिवसाचे लागतात त्याच्या दीडपट न्या. पाणी खळखळून उकळल्याशिवाय ना प्यायला, ना स्वच्छतेला.

चार्जिंग

युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर वीज नाही. इलेक्ट्रिक खुर्ची गाडीच्या बॅटरीवर, शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टरने चार्ज करावी लागते, आणि तीही इंजिन चालू असताना. नाहीतर सकाळी खुर्ची भरलेली आणि गाडी बंद. भारतातला चार्जर फक्त २३० व्होल्टचा असेल तर तिकडच्या १२० व्होल्टवर चालत नाही. पट्टीवर १००-२४० लिहिलंय का बघा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते.

अस्वलं

अन्न, टूथपेस्ट, साबण गाडीत कुलूपबंद, हे सगळेच सांगतात. व्हीलचेअरवाल्याने त्यात वापरलेले कॅथेटर, ओले वाइप्स आणि लघवीची बाटलीही धरायची. कचरा दोन पिशव्यांत बांधून अस्वलरोधक पेटीत, बाटली संडासात रिकामी. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) खुर्चीच्या मागच्या बॅगेत ठेवला तर नसल्यासारखाच. पुढच्या फ्रेमला, चालत्या हाताच्या बाजूला म्यान बांधा. विमानात तो नेता येत नाही, युकॉनच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सला विकत घ्यावा.

मोबाइलला रेंज नाही, तेव्हा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र लागतं. ते गाडीत नव्हे, अंगावर. डेम्प्स्टरवर शिरण्याआधी टाकी पूर्ण भरा. पुढचा पंप ईगल प्लेन्सला, ३६९व्या किलोमीटरवर. रस्त्यावरचे धारदार दगड टायर कापतात, म्हणून पूर्ण मापाची स्टेपनी घ्या आणि ती व्हीलचेअरच्या सामानाखाली गाडू नका.